पिंग चालतो, मग गप्प होतो: एफपीजीएवरच्या बीबीसी मायक्रोला इथरनेट जोडताना

लिंकचा दिवा लागलेला असतो. लॅपटॉपवरून पिंग केला की उत्तरं येतात. थोड्या वेळाने बघावं तर सगळं गप्प. ब्रेकचं बटण दाबून फरक पडत नाही. बोर्डची वीज काढून पुन्हा दिली की गाडी रुळावर येते, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. जुना संगणक एफपीजीएवर (आतलं सर्किट आपण लिहून घडवता येतं अशा चिपवर) उभा करून त्याला इथरनेट जोडणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे दुखणं येतं. पहिला संशय सगळे टीसीपी-आयपीच्या कोडवर घेतात आणि तिथे रात्री घालवतात. माझं मत असं की बिघाड सहसा तिथे नसतो. तो असतो दोन क्लॉकांच्या वेशीवर: अलीकडे बीबीसी मायक्रोचा २ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ६५०२, पलीकडे केबलवरचे सिग्नल हाताळणारी, ५० मेगाहर्ट्झवर धावणारी फाय चिप. म्हणून कोड उघडण्याआधी पॅकेट नक्की कुठे मरतं ते शोधायचं.

खाली धरलेली मांडणी अशी. बीबीसी मायक्रो मॉडेल बीचा कोअर (एफपीजीएत उतरवलेलं त्याचं सर्किट), आर्टिक्स-७ किंवा सायक्लोन जातीचा एफपीजीए, बाहेर लॅन८७२०ए ही फाय चिप आरएमआयआयने (फाय आणि मॅक यांच्यामधली कमी पिनांची जोडणी) जोडलेली, आणि मधला मॅक, म्हणजे इथरनेटच्या फ्रेम (पॅकेटं) घेणारा-पाठवणारा भाग, आपण व्हेरिलॉग या हार्डवेअरच्या भाषेत लिहिलेला. बीबीसी मायक्रो आपल्याकडे अगदीच परका नाही. १९८४ साली सुरू झालेल्या संगणक-साक्षरतेच्या क्लास प्रकल्पात शाळांमध्ये गेलेला संगणक हाच, आणि सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने तो 'युनिकॉर्न' नावाने काढला होता. नेटवर्कही त्याला नवं नाही. तो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीचं इकोनेट तर होतंच, शिवाय बाहेरची साधनं जोडायच्या १ मेगाहर्ट्झ बसच्या पत्त्यांमध्ये एकॉर्नने &एफसी३० ते &एफसी३एफ हा तुकडा केंब्रिज रिंग या जुन्या नेटवर्कसाठी राखून ठेवला होता. (& हे एकॉर्नचं हेक्सचं चिन्ह; इथेही तेच वापरतो.) आपल्यासारख्यांना मोकळी जागा आहे ती &एफसीसी० ते &एफसीएफई. तुमचं मशीन स्पेक्ट्रम किंवा कमोडोर असेल तर पत्ते बदलतील, दुखणी फारशी बदलणार नाहीत.

मिस्टर (डीई१०-नॅनो बोर्डावर जुनी मशीनं उभी करणारा प्रकल्प) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना आधीच. डीई१०-नॅनो बोर्डावरचं इथरनेट पोर्ट एफपीजीएच्या पिनांना जोडलेलंच नाही. ते आर्म प्रोसेसरच्या बाजूला आहे आणि तिथे लिनक्स चालतं. त्यामुळे कोअरमध्ये मॅक लिहून त्या पोर्टातून काही बाहेर पडणार नाही. तिथे रूढ वाट म्हणजे कोअरच्या सिरियल पोर्टावरून पीपीपी, म्हणजे सिरियल तारेवरून आयपी नेणारा प्रोटोकॉल. स्वतःचं खरं इथरनेट हवं असेल तर वेगळी फाय चिप बाहेरून जोडावी लागेल.

आधी काउंटर

मॅकमध्ये पाच काउंटर ठेवा, सोळा बिटांचे पुरतात. पहिला: फ्रेमची सुरुवात किती वेळा दिसली. दुसरा: किती फ्रेमचा सीआरसी (फ्रेमच्या शेवटी असलेला चूक तपासायचा आकडा) जुळला. तिसरा: किती फ्रेम बफरात नीट ठेवल्या. चौथा: जागा नाही म्हणून किती टाकून दिल्या. पाचवा: ६५०२ ने किती उचलल्या. हे सगळे &एफसीसी० पासूनच्या रजिस्टरांत दिसू द्या. बीबीसी बेसिकमध्ये प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर असल्याने ते थेट छापून बघता येतात, वेगळं साधन लागत नाही. काउंटर ५० मेगाहर्ट्झच्या बाजूला चालतात, तेव्हा वाचण्याआधी ते गोठवून घ्यायची सोय करा. नाहीतर काउंटरच खोटं बोलेल आणि तुम्ही भलत्याच दिशेला जाल.

आता मशीन गप्प झालं की हे आकडे बघा. पहिला काउंटरच थांबला असेल तर फाय, क्लॉक किंवा केबल. पहिला वाढतोय पण दुसरा नाही, तर फ्रेम तुटकी येते आहे: टायमिंग, किंवा फ्रेमचा शेवट ओळखण्यात चूक. दुसरा वाढतोय आणि चौथाही वाढतोय, पण पाचवा जागच्या जागी, म्हणजे बफर भरून बसला आहे आणि ६५०२ तो उचलत नाही. सगळेच वाढत आहेत आणि तरी उत्तर नाही, तेव्हा कुठे सॉफ्टवेअरकडे किंवा पाठवण्याच्या बाजूकडे वळा.

समोरच्या लॅपटॉपवर वायरशार्क लावून 'काहीच येत नाही' असा निष्कर्ष काढू नका. सीआरसी चुकलेली फ्रेम नेटवर्क कार्ड आतल्या आत टाकून देतं, वायरशार्कपर्यंत ती पोचतच नाही. लिनक्सवर ईथटूलला कॅपिटल एसचा पर्याय देऊन कार्डाचे आकडे बघितले तर बहुतेक कार्डं सीआरसी चुकांची वेगळी मोजणी दाखवतात. मध्ये स्विच असेल तर तोही तुटकी फ्रेम मुकाट्याने गिळतो. म्हणून तपासणी करताना केबल थेट लॅपटॉपला.

थोडा वेळ चालून बंद पडणं

हे मुख्य दुखणं, म्हणून इथे जरा थांबू. १०० मेगाबिटच्या तारेवर सगळ्यात लहान फ्रेम ६४ बाइटची. पुढची ८ बाइटची ओळख आणि दोन फ्रेममधलं १२ बाइटचं अंतर धरून ती ८४ बाइटांची जागा घेते, म्हणजे ६.७२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात २ मेगाहर्ट्झच्या ६५०२ चे जेमतेम १३ सायकल होतात. दोन-तीन सूचनांत खेळ संपला. मोठ्या फ्रेमचं गणित आणखी बोलकं आहे. रजिस्टरातून बाइट वाचायचा, मेमरीत ठेवायचा, वाय रजिस्टर वाढवायचं, मागे उडी मारायची: ४ अधिक ६ अधिक २ अधिक ३, एकूण १५ सायकल. १५१८ बाइटांना २२,७७० सायकल, म्हणजे ११ मिलिसेकंदांहून जास्त. १ मेगाहर्ट्झ बसवर प्रत्येक वाचन ताणलं जातं ते वेगळंच. तीच फ्रेम तारेवरून आली होती सुमारे १२३ मायक्रोसेकंदांत. एक फ्रेम उचलेपर्यंत दारात नव्वदहून अधिक फ्रेम उभ्या राहू शकतात.

अर्थात घरच्या नेटवर्कवर इतकी गर्दी कधी नसते. पण टीव्ही, प्रिंटर आणि फोन मिळून 'मी इथे आहे' असं सतत ओरडत असतात, आणि हा गोंगाट झुंडीने येतो. बफर कधी ना कधी भरणारच. भरणं हा बिघाड नव्हे. भरल्यावर तुमचा मॅक काय करतो यावर सगळं अवलंबून आहे.

साध्या मांडणीत एक फिफो (आधी आलेलं आधी बाहेर देणारी रांग) असतो: आधी लांबी, मग तितके बाइट, मग पुढच्या फ्रेमची लांबी. फ्रेम अर्धी आत गेल्यावर फिफो भरला की उरलेले बाइट सांडतात, पण अर्धी फ्रेम आतच राहते. ६५०२ लांबीप्रमाणे बाइट उपसतो आणि पुढच्या फ्रेमच्या मधल्या बाइटांना लांबी समजून बसतो. तिथून पुढे सगळं घसरलेलं. सॉफ्टवेअरला प्रत्येक फ्रेम कचरा दिसते, ते ती इमानदारीने टाकून देतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मशीन झोपलं. ब्रेक दाबल्याने ६५०२ नव्याने सुरू होतो, फिफो होत नाही. म्हणूनच वीज काढावी लागते. मॅकचा रीसेट एखाद्या रजिस्टरातून देता येईल अशी सोय करणं हा तात्पुरता उतारा झाला, इलाज नव्हे.

इलाज म्हणजे फ्रेम पूर्ण आल्याशिवाय आणि तिचा सीआरसी जुळल्याशिवाय ती 'आली' असं म्हणायचंच नाही. लिहिणारा पॉइंटर दोन जागी ठेवा: एक तात्पुरता, एक पक्का. बाइट तात्पुरत्यावर चढत जातात. शेवटी सगळं ठीक असेल तर पक्का पॉइंटर पुढे आणायचा. जागा संपली किंवा सीआरसी चुकला तर तात्पुरता मागे पक्क्याच्या जागी.

यातही एक खोच आहे, आणि ती चांगल्या चांगल्यांना अडकवते. पक्का पॉइंटर ५० मेगाहर्ट्झच्या बाजूचा, वाचणारा दुसऱ्या क्लॉकचा. मग ग्रे कोड करून दोन फ्लिपफ्लॉपांतून पलीकडे न्यायचा, असं सगळे शिकलेले असतात. पण ग्रे कोड सुरक्षित असतो तो आकडा एकेकाने वाढत असेल तेव्हाच, कारण तेव्हाच एका वेळी एक बिट बदलतो. पक्का पॉइंटर तर एकदम पूर्ण फ्रेमची उडी मारतो. चार-पाच बिट एकाच वेळी बदलतात, पलीकडे त्यातले काही जुने आणि काही नवे पोचतात, आणि कधीतरी वाचणाऱ्याला भलताच पत्ता दिसतो. हे रोज होत नाही. म्हणूनच ते सापडत नाही.

मी तरी फिफोचा नाद सोडावा असंच सांगेन. दोन पोर्टांची १६ किलोबाइट ब्लॉक रॅम घ्या आणि तिचे २ किलोबाइटचे आठ कप्पे करा. एका कप्प्यात एक फ्रेम, सुरुवातीच्या दोन बाइटांत तिची लांबी. आर्टिक्स-७ मध्ये ३६ किलोबिटचे चार ब्लॉक लागतात, काहीच नाही. आता वेस ओलांडतो तो फक्त कप्प्याचा क्रमांक, आणि तो एकेकानेच वाढतो, त्यामुळे ग्रे कोड खरोखर काम करतो. लांबी रॅममध्येच असल्याने तिला वेगळं ओलांडायला लागत नाही. आठही कप्पे भरले तर नवी फ्रेम पूर्णच्या पूर्ण सोडायची, अर्धवट काही नाही.

बीबीसी मायक्रोवर हे छान बसतं. &एफडी०० पासूनचं जिम हे पान २५६ बाइटांची खिडकी आहे आणि &एफसीएफएफ मध्ये पान क्रमांक लिहून ती हलवता येते. आठ कप्पे गुणिले आठ पानं, एकूण ६४. मात्र इंटरप्टच्या रूटीनमध्ये पान बदललं तर जाताना पूर्वीचं पान परत लावा. त्या रजिस्टराची प्रत ऑपरेटिंग सिस्टीम शून्य पानात &ईई वर ठेवते; ती आधी बदलायची, मग रजिस्टर. हे न केल्यास जिम वापरणारा दुसरा एखादा रॉम कधीतरी कोसळेल आणि दोष इथरनेटवर येईल. तो योग्यच असेल म्हणा.

हार्डवेअरमधली गाळणीही इथेच घाला. आपल्या मॅक पत्त्यावर आलेलं आत, प्रसारणापैकी फक्त एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणारी फ्रेम) आत, मल्टिकास्ट सगळं बाहेर. आयपी पत्ता आपोआप मिळवायला डीएचसीपी वापरत असाल तर विनंतीतला ब्रॉडकास्टचा बिट शून्य ठेवा, म्हणजे सर्व्हरचं उत्तर थेट तुमच्या पत्त्यावर येईल. तो बिट १ असेल तर उत्तर प्रसारणाने येतं, गाळणीत अडकतं, आणि पत्ता का मिळत नाही म्हणून तुम्ही डोकं धरून बसता.

बाइट गायब, बाइट दुप्पट

फिफोच ठेवायचा आग्रह असेल तर आणखी दोन खड्डे आहेत. एफपीजीएमधला ६५०२ खऱ्या २ मेगाहर्ट्झवर क्वचितच चालतो. कोअर समजा ४८ मेगाहर्ट्झवर आहे आणि दर २४ व्या ठोक्याला त्याला एनेबल मिळतो. पत्ता आणि वाचनाचा सिग्नल ते सगळे २४ ठोके पिनांवर उभे असतात. फिफोचा 'पुढचा बाइट' हा सिग्नल त्या एनेबलशी न बांधता नुसत्या पत्त्यावरून काढला, तर एका वाचनात २४ बाइट उपसले जातात. लक्षण ओळखायला सोपं: फ्रेममधला दर चोविसावा बाइटच हाती येतो.

दुसरा खड्डा ६५०२ चा स्वतःचा. एनमॉस ६५०२ इंडेक्स लावून लिहिताना, एसटीए &एफसीसी०,एक्स किंवा वाय लावलेली अप्रत्यक्ष रीत, लिहिण्याआधी एक फुकटचं वाचन करतो. म्हणजे पाठवण्याच्या रजिस्टरात बाइट लिहिताना त्याच पत्त्यावरचा आलेला बाइट उडून जातो. वाचताना पान ओलांडलं गेलं तर तिथेही चुकीच्या पत्त्यावर एक फुकटचं वाचन होतं. चांगले कोअर मूळ चिपची ही खोडही जशीच्या तशी उतरवतात, त्यामुळे 'एफपीजीएत असं होणार नाही' ही आशा नको. इंडेक्सशिवायचा थेट पत्ता वापरा किंवा वाचायचं आणि लिहायचं रजिस्टर वेगवेगळ्या पत्त्यांवर ठेवा. ब्लॉक रॅमच्या खिडकीत हा प्रश्नच उरत नाही, कितीही वेळा वाचलं तरी बाइट जागचा हलत नाही.

कालची बिल्ड चालत होती, आजची नाही

पडद्याच्या रंगाचा कोड बदलला आणि इथरनेट बंद पडलं. वेड्यासारखं वाटतं, पण कारण सरळ आहे: आरएमआयआयच्या पिनांना टायमिंगची बंधनं दिलेली नाहीत. मग टूल प्रत्येक बिल्डला तिथले फ्लिपफ्लॉप मनाला येईल तिथे ठेवतं.

५० मेगाहर्ट्झला एक ठोका २० नॅनोसेकंदांचा. क्लॉक एफपीजीएकडून फायला जात असेल तर लॅन८७२०ए ला आपला डेटा बाहेर काढायला १४ नॅनोसेकंदांपर्यंत लागू शकतात. क्लॉक पिनेपर्यंत जायचा वेळ आणि डेटा आत यायचा वेळ धरला की हाती फार काही उरत नाही. इनपुट आणि आउटपुट डिले चिपच्या माहितीपत्रकावरून नीट भरा, आरएक्सचे फ्लिपफ्लॉप पिनेजवळच्या आयओ ब्लॉकमध्येच बसवायला सांगा, आणि फायकडे जाणारा क्लॉक साध्या तारेने न काढता डीडीआर आउटपुट रजिस्टरातून काढा. तरी जागा कमी पडली तर पीएलएलमधून (एफपीजीएतल्या क्लॉक तयार करणाऱ्या भागातून) त्या क्लॉकला थोडा फेज द्या. ४५ अंश हा सुरुवातीला बरा आकडा आहे. फाय चिपच्या छोट्या मॉड्यूलवर स्वतःचा ५० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर असेल तर तो क्लॉक एफपीजीएच्या क्लॉकसाठीच्या पिनेवर घ्या, कुठल्याही मोकळ्या पिनेवर नको.

टायमिंग अहवालात ६५०२ चा क्लॉक आणि ५० मेगाहर्ट्झ यांच्यामधल्या वाटा लाल दिसल्या म्हणून सरसकट सगळ्यांवर फॉल्स पाथ ('ही वाट तपासू नको' अशी टूलला सूचना) लावून मोकळं होणारे बरेच भेटतात. लाल रंग जातो, दुखणं राहतं. आधी प्रत्येक वाट खरोखर सिंक्रोनायझरमधून जाते का ते डोळ्यांनी बघा, मग ती माफ करा.

ब्रेडबोर्डवरच्या लांब जंपर तारांबद्दल काय सांगावं! ५० मेगाहर्ट्झ त्यांच्यातून कधीकधी जातो, इतकंच. तारा बोटभर ठेवा आणि क्लॉकच्या शेजारून ग्राउंड न्या.

सीआरसी फक्त काही फ्रेमचा चुकतो

टायमिंग स्वच्छ आहे, तरी दुसरा काउंटर पहिल्याच्या मागे पडत जातो. अशा वेळी सीआरएस-डीव्ही या पिनेकडे बघा. ही पिन म्हणजे 'माल चालू आहे' असा साधा सिग्नल, असं नावावरून वाटतं. प्रत्यक्षात ती दोन गोष्टी एकत्र सांगते: तारेवर कॅरियर आहे का आणि डेटा खरा आहे का. फ्रेम संपत आली की तारेवरचा कॅरियर आधी जातो, पण चिपच्या आतल्या छोट्या बफरात अजून बाइट शिल्लक असतात. ते बाहेर येईपर्यंत ही पिन एका ठोक्याला खाली, एका ठोक्याला वर अशी नाचते. पहिल्यांदा खाली गेली की फ्रेम संपली असं लिहिलेला मॅक शेवटचे काही बाइट कापतो, आणि सीआरसी नेमका तिथेच असतो. दोन सलग ठोके खाली दिसले तरच फ्रेम संपली म्हणा. हे सगळ्याच फ्रेमना होत नाही, कारण आतलं बफर किती भरलेलं आहे ते दोन्ही बाजूंच्या क्रिस्टलांमधल्या बारीक फरकावर ठरतं. एका लॅपटॉपशी उत्तम चालणारं मशीन दुसऱ्याशी रडतं त्याचं हे एक मोठं कारण.

सीआरसीचं सर्किटच बरोबर आहे का हे तपासायची सोपी खूण: फ्रेमच्या शेवटच्या चार बाइटांसकट सगळं त्यातून जाऊ दिलं की रजिस्टरात नेहमी एकच आकडा उरला पाहिजे. बिट उलट्या क्रमाने सरकवणाऱ्या मांडणीत तो डीईबीबी२०ई३, सरळ मांडणीत सी७०४डीडी७बी.

थंड मशीन लिंक पकडत नाही

वीज दिल्यावर दिवा नाही, रीसेट दिला की दिवा. लॅन८७२०ए रीसेटमधून बाहेर येताना आरएक्सडी०, आरएक्सडी१ आणि सीआरएस-डीव्ही या पिनांची स्थिती बघून आपला मोड ठरवते, आणि आरएक्सईआरवरून आपला पत्ता. एफपीजीए त्या क्षणी कॉन्फिगर होत असेल आणि त्या पिना खाली ओढत असेल, तर चिप भलत्याच मोडमध्ये जागी होते. शिवाय रीसेट सोडताना ५० मेगाहर्ट्झचा क्लॉक स्थिर हवा. म्हणून क्रम असा: पीएलएल लॉक होऊ द्या, रीसेट किमान १०० मायक्रोसेकंद खाली धरा (मी काही मिलिसेकंद धरतो, घाई कसली), मग सोडा. आरएक्सच्या पिनांवर एफपीजीएचे पुलडाउन नकोत.

फायची रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याची एमडीआयओ ही दोन तारांची वाट जरूर लिहा, आळस करू नका. रजिस्टर २ मध्ये ०००७ आणि ३ मध्ये सी०एफ ने सुरू होणारा आकडा आला की चिप जिवंत आहे हे कळतं. सगळे एफ आले तर पत्ता चुकला आहे किंवा पुलअप नाही. लिंकचा बिट रजिस्टर १ मध्ये असतो आणि एकदा खाली गेला की वाचेपर्यंत खालीच राहतो, म्हणून तो दोनदा वाचून दुसरं उत्तर खरं माना. आणि रजिस्टर ४ मध्ये ०१०१ लिहून वाटाघाटी पुन्हा सुरू करा: म्हणजे आम्हाला फक्त १०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स. एखादा लॅपटॉप वीज वाचवायला १० मेगाबिटवर उतरला तर आरएमआयआयवर प्रत्येक जोडबिट दहा ठोके उभा राहतो, आणि ते न शिकलेला मॅक त्या दहांना दहा वेगळे समजतो.

पाठवलेलं पोचत नाही

थेट केबलवर चालतं, स्विचमधून नाही: एआरपीचं उत्तर ४२ बाइटांचं असतं, ते शून्य भरून ६० करा आणि मग सीआरसी जोडा. काही कार्डं छोटी फ्रेम सहन करतात, स्विच करत नाहीत. दोन फ्रेममध्ये ४८ ठोक्यांचं अंतरही सोडा.

मॅक पत्ता हौसेने निवडणाऱ्यांनी पहिल्या बाइटाकडे लक्ष द्यावं. त्याचा सगळ्यात खालचा बिट १ असेल तर तो मल्टिकास्टचा पत्ता ठरतो आणि अशा पत्त्यावरून पाठवलेलं नेटवर्कवर कोणी धड स्वीकारत नाही. आस्कीतली अक्षरं वापरून 'बीबीसी'ने सुरू होणारा पत्ता केला तर बी म्हणजे ४२: खालचा बिट शून्य, त्यावरचा स्थानिक पत्त्याचा बिट १, अगदी नियमात. युनिकॉर्नच्या आठवणीने 'एससीएल' केलं तर एस म्हणजे ५३, विषम, आणि मशीन मुकं. एकच बिटस्ट्रीम दोन बोर्डांवर टाकून दोन्ही एका स्विचला लावली तर दोन्हींचा पत्ता एकच होतो आणि दोन्ही आळीपाळीने तुटतात, हेही लक्षात असू द्या.

पिंगचा आकार सम असताना उत्तर येतं आणि विषम असताना नाही, तर चेकसममध्ये शेवटचा एकटा बाइट चुकीच्या बाजूला मिळवला जातो आहे. ५६ आणि ५७ बाइटांचे पिंग करून बघा, लगेच कळेल.

इंटरप्ट

फ्रेम आली की ५० मेगाहर्ट्झचा एक ठोका आयआरक्यू (इंटरप्टची रेषा) खाली, असं केलंत तर ६५०२ ला ते दिसणारच नाही. आयआरक्यू हा पातळीवर चालतो. सॉफ्टवेअर पोच देईपर्यंत ती रेषा खाली धरून ठेवा. एनएमआयचा, म्हणजे थोपवता न येणाऱ्या इंटरप्टचा, मोह नको. तो डिस्क आणि इकोनेटचा आहे, आणि एकेरी घनतेच्या फ्लॉपीवरून दर ६४ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येत असतो. मध्ये तुम्ही घुसलात तर डिस्क एरर ठरलेली. आयआरक्यूच्या आतही पूर्ण फ्रेम कॉपी करू नका. सिस्टीमचा घड्याळाचा ठोका १० मिलिसेकंदांचा आणि तुमची कॉपी ११ हून जास्त. अधूनमधून ठोका बुडतो आणि टाइम मागे पडू लागतो. आत फक्त 'फ्रेम आली' एवढी खूण करा, उचलायचं काम बाहेर.

तयार मॉड्यूल घेतलं असेल तर

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत ईएनसी२८जे६० चं मॉड्यूल स्वस्तात मिळतं आणि एसपीआयने जोडता येतं, त्यामुळे बरेच जण तिथून सुरुवात करतात. मॅक लिहायचे कष्ट वाचतात, पण चिपच्या खोडी गळ्यात पडतात. मॅक आणि एमआयआयची रजिस्टरं वाचताना पहिला बाइट फुकट येतो, तो सोडून दुसरा घ्यायचा. वाचनाचा पॉइंटर ईआरएक्सआरडीपीटी नेहमी विषम ठेवायचा. सम ठेवला तर चिप आपलंच बफर बिघडवू शकते, हे चिपच्या त्रुटीपत्रकातच लिहिलं आहे, आणि 'काही तासांनी बंद' या लक्षणाचं ते नेहमीचं मूळ आहे. ही चिप वाटाघाटी करत नाही, त्यामुळे समोरचा स्विच तिला हाफ डुप्लेक्स समजतो. तुम्ही तिला फुल डुप्लेक्सवर ठेवलं तर पिंग ठीक चालतो आणि फाइल पाठवताना सगळं कोलमडतं. हाफवरच ठेवा आणि प्रत्येक पाठवणीआधी पाठवणाऱ्या भागाला रीसेट द्या. डब्ल्यू५५०० त्या मानाने गुणी आहे, टीसीपी चिपच्या आतच आहे. पण मग जुन्या मशीनने प्रोटोकॉल स्वतः बोलण्यातली गंमत जाते, निदान मला तरी तसं वाटतं.

सगळं चालतं, पण फाइल रांगत जाते

इथे मात्र दोष खरोखर सॉफ्टवेअरचा. यूआयपीसारखे लहान टीसीपी स्टॅक एका वेळी एकच पॅकेट पाठवतात आणि त्याची पोच येईपर्यंत थांबतात. समोरचा संगणक एकट्या पॅकेटची पोच मुद्दाम उशिरा देतो, विंडोजवर हा उशीर २०० मिलिसेकंदांपर्यंत असतो. ५१२ बाइटांचं पॅकेट आणि दर वेळी २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला अडीच किलोबाइट. फ्लॉपी याहून जलद. उपाय जुनाच आहे: पॅकेटाचे दोन तुकडे करून लागोपाठ पाठवा. दुसरा तुकडा पोचला की समोरचा लगेच पोच देतो. उलट दिशेला, म्हणजे फाइल घेताना, टीसीपीची खिडकी आठ कप्प्यांत मावेल एवढीच जाहीर करा. एमएसएस (एका पॅकेटातला जास्तीत जास्त डेटा) ५१२ ठेवला तर खिडकी २०४८ बाइटांची, म्हणजे जास्तीत जास्त चार पूर्ण फ्रेम एका वेळी येतील आणि चार कप्पे एआरपीसाठी मोकळे राहतील. त्यानंतर चौथा काउंटर शून्यावरून हलत असेल तर गाळणीतून नको ते आत येत आहे. कप्पे वाढवण्याआधी शेवटच्या टाकलेल्या फ्रेमचा प्रकार एका रजिस्टरात पकडून ठेवा आणि तो काय आहे ते बघा.